खळ्यापर्यंतचा चढ

कापणीचा निरोप आई फोनवर देते आणि तो नेहमी अपुरा असतो. "सोमवारपास्नं," एवढंच ती म्हणते. कुणाच्या शेतापासून, किती दिवस, मी यावं की नाही, यातलं काहीही ती सांगत नाही. यंदा तो निरोप आला तेव्हा मी बावधनच्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून एका थंड कपाटासमोर उभी होते. हातात औषधाच्या कुपीची नोंद होती. तरीही नाकाशी एकदम वाळत्या भाताचा वास आला. हा वास मुळशीतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दुधाळ, किंचित गोड, मध्येच ओल्या मातीचा आणि विळ्याच्या लोखंडाचा. दिवाळी सरली, सकाळी धरणाच्या पाण्यावर धुकं बसू लागलं, की ताम्हिणीच्या वाटेवरची सगळी खाचरं हा वास सोडतात. रजेचा अर्ज मी आधीच लिहून ठेवला होता. नेमकं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वी.

आमच्या वाडीत कापणी अजून सावडीनं होते. जितकी माणसं तुमच्या घरून माझ्या शेतात येतील, तितकीच माझ्या घरून तुमच्या शेतात जातील. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. एके काळी या सावडीत नऊ घरं होती. चार घरांच्या जमिनींवर आता बंगल्यांची कुंपणं आहेत. उरलेली पाच घरं ही पद्धत टिकवून आहेत, ती हौसेनं नव्हे. आमची खाचरं एवढी अरुंद आणि पायऱ्यापायऱ्यांची, की यंत्र तिथे वळतच नाही. विळ्यानं कापायचं, दोन-तीन दिवस उन्हात पसरायचं, पेंढ्या बांधायच्या, पेंढ्यांचा भारा करायचा आणि तो डोक्यावरून वर घराजवळच्या खळ्यात न्यायचा, जिथे झोडणी चालते. खालच्या खाचरापासून खळ्यापर्यंत बारा बांध आहेत आणि सगळा चढ आहे. बांध हातभर रुंदीचा. त्यावरून भारे वाहणारी माणसं मुंग्यांसारखी एकामागे एक चालतात. पुढच्याला ओलांडून जाता येत नाही. एक थांबला की सगळी रांग थांबते.

या रांगेत आई सोळाव्या वर्षी, लग्न होऊन आली तेव्हापासून होती.

चार वर्षांपूर्वीच्या कापणीला ती रांगेत नव्हती. भाद्रपदात तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. पाय लांब करून ती खळ्याच्या कडेला खुर्चीवर बसली होती. आमच्या घराकडून सावडीला दोन माणसं लागत : बाबा झोडणीला आणि आई वाहतुकीला. आईच्या जागी मी गेले. मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. मी सत्तावीस वर्षांची होते, जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेली होते. पेशीच्या आत ऊर्जा कशी तयार होते, हे मी फळ्यावर न थांबता काढून दाखवू शकत होते. माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो होतं. आरोग्य तपासणीत रक्तातली साखर सीमारेषेवर आली होती. तो कागद मी कपाटातल्या खणात उपडा ठेवला होता.

चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला सातव्या बांधावर माझा श्वास संपला. दमले असं मी म्हणत नाही. श्वास खरोखर संपला होता. कानांत ठोके वाजत होते, भाऱ्यातली कुसं मानेत रुतत होती आणि घामानं चुंबळ, म्हणजे भाऱ्याखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची कडी, कपाळावर घसरत होती. मी थांबले. माझ्यामागे हिराकाकू थांबली, तिच्यामागे आणखी पाच जण थांबले. हिराकाकू माझी चुलती. तेव्हाच तिची पन्नाशी उलटलेली होती, आणि अंगानं ती माझ्या निम्मी.

"चल की गं बाय. मागं दिंडी हुबी हाय."

"एक मिनिट, काकू."

"मिनीट तुज्या घड्याळात. भारा माज्या डोक्यावर हाय."

कोणी हसलं. मी आणखी तीन बांध चढले आणि पुन्हा थांबले. वर पोचल्यावर तात्यांनी माझा भारा उतरवून घेतला. तात्या म्हणजे सावडीचे म्हातारे मुकादम. कुणी कुठे जायचं, किती माणसं धरायची, हे ते तोंडी ठरवतात आणि आजवर कुणी त्यांचं म्हणणं खोडून काढलेलं नाही. ते अगदी प्रेमानं म्हणाले, "पोरी, तू आता हितं सावलीला बस. पाण्याचं बघ. आजचं तुमच्या घरचं दीड धरू."

दीड. बाबा एक आणि मी अर्धं माणूस.

संध्याकाळी शेवटचं पोतं भरल्यावर आमच्याकडे एक गंमत होते. पोती मोजायचा काटा रिकामा झाला की त्यावर माणसं चढतात. वर्षाकाठी एकदा, सगळ्यांदेखत. कोण वाळलं, कोण भरलं, यावर थट्टा होते. मला ढकलून काट्यावर चढवलं गेलं. आकडा स्थिरावला आणि हिराकाकू ओरडली, "तात्या, बारदान वजा करा की! पोत्याचं करता, हिचं न्हाई व्हय?" हशा पिकला. मीही हसले. त्या खळ्यात सर्वांत जास्त वजन माझं भरलं होतं आणि सर्वांत कमी माणूसही मीच भरले होते. दोन्ही मोजमापं अचूक होती. विज्ञानाच्या विद्यार्थिनीला तक्रारीला जागाच नव्हती.

रात्री जेवताना आई एवढंच म्हणाली, "इतकी वर्सं मी त्या रांगेत चालले. कदी कुणाची वाट आडवली न्हाई." तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. तीच गोष्ट मला झोंबली.

पुढच्या रविवारी बाबांनी शेवटचं खाचर एकट्यानं कापलं, कारण अर्ध्या माणसाच्या बदल्यात अर्धंच माणूस परत येतं. सलग चार-पाच वर्षं दीड भरलेलं घर सावडीतून आपोआप गळतं. त्याला कुणी काढत नाही, पण बोलावतही नाही. सावडीतून गेलेल्या त्या चार घरांचं तसंच झालं होतं. कुंपणं नंतर आली.

मी महत्त्वाकांक्षी आहे. हे सांगताना मुलींनी ओशाळावं अशी अपेक्षा असते, ती मी पूर्ण करत नाही. परीक्षेत दुसरा क्रमांक आला की पुढच्या परीक्षेची तारीख मी त्याच संध्याकाळी वहीत लिहायची. शरीराच्या बाबतीतही मी तेच केलं आणि तिथेच चुकले. मी तारीख लिहिली, आकडा लिहिला : पाच महिने, अठरा किलो. उद्दिष्ट कसं मोजता येण्याजोगं, मुदतबंद आणि निःसंदिग्ध असावं, हे मला शिकवलेलं होतं. माझं उद्दिष्ट या सर्व कसोट्यांना उतरत होतं.

मी भात सोडला. हे वाक्य इतर कुठे कुणी लिहिलं असतं तर किरकोळ ठरलं असतं. मुळशीत भात सोडणं म्हणजे घर सोडण्याच्या एक पायरी अलीकडे. सकाळचा नाश्ता सोडला, रात्री काकडी आणि दही. सोसायटीच्या व्यायामशाळेत रोज तासभर पट्ट्यावर धावायचे. समोर काच, काचेपलीकडे चांदणी चौकाकडे सरकणारी वाहनं, पायाखाली पळणारा आणि कुठेही न पोचणारा रस्ता. कपडे सैल झाले. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींनी कृती विचारली. पाच महिने पुरे व्हायला आठ दिवस असताना आकडा सत्तरवर आला. मी वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या.

तो आकडा मी काकडीवर तसाच धरून ठेवला. मग कापणी आली. सकाळी मी झपाझप निघाले. पाच फेऱ्या, सहा फेऱ्या. मागच्या वर्षीचा सातवा बांध मागे पडला, तेव्हा मी मनात त्याला टोमणाही मारला. दुपारी हिराकाकूनं पानात नव्या तांदळाचा वाफाळता भात वाढला, वर पावट्याची आमटी. मी हात आडवा धरला आणि पिशवीतून काकडीचा डबा काढला.

काकू डबा बघत राहिली. "आगं, आख्खी वाडी हा भात खाऊन वाढली. तुला काय तो चावतुया?"

"काकू, भातात नुसतं पिष्ट असतं."

"असंल. मंग तू वाहतीयास ते काय हाय? भातच न्हवं?"

मी काकडी चावली.

आठव्या फेरीला, नवव्या बांधावर, आधी कडेचं गवत पांढरं झालं, मग आकाश. भारा माझ्या डोक्यावरून सुटला आणि खालच्या खाचरात आदळला. मी गुडघ्यांवर बसले होते. पिकलेल्या भाताचा भारा पडला की दाणा झडतो. आवाज येतो, वाळू ओतल्यासारखा. तो आवाज मला आजही कुठेही ऐकू येतो. हिराकाकू स्वतःचा भारा बांधावर टेकवून खाली उतरली आणि भेगांतले दाणे ओंजळीत गोळा करू लागली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बारीक झालीस, बाय. बळकट न्हाई झालीस."

संध्याकाळी काट्यावर टाळ्या पडल्या. सत्तर! एका वर्षात अठरा किलो! आणि टाळ्या थांबल्यावर तात्या उद्याची माणसं सांगताना नेहमीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या घरचं दीड."

प्रयोगशाळेत माझं काम औषधं किती काळ टिकतात, हे तपासण्याचं आहे. त्याच्या दोन रीती आहेत. एकीत औषधाला मुद्दाम जास्त उष्णतेत आणि दमट हवेत ठेवतात. जे बिघडायला वर्षं लागली असती ते काही महिन्यांत दिसतं. ही घाईची चाचणी. दुसरीत औषध साध्या तापमानाला नुसतं ठेवून देतात आणि ठरलेल्या महिन्यांनी एकेक कुपी काढून बघतात. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. घाईच्या चाचणीवरून अंदाज बांधता येतो. शेवटचा शब्द मात्र त्या नुसत्या ठेवलेल्या कुपीचा. मी हे नव्या मुलींना शिकवत होते आणि स्वतःच्या देहावर मात्र घाईची चाचणी करून तिचा निकाल कायमचा समजत होते. भारा पडल्यानंतरच्या सोमवारी त्या कुप्यांच्या कपाटाचं दार उघडताना हे मला इतकं लख्ख दिसलं, की मी ते परत बंद केलं.

त्या रात्री वहीतल्या दोन रेघांखाली मी नवं उद्दिष्ट लिहिलं. त्यात किलो नव्हते. "खालच्या खाचरापासून खळ्यापर्यंतचा चढ, सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत, रांग न अडवता. मुदत : तीन कापण्या."

पहिल्या वर्षी मी फक्त नियमित व्हायचं ठरवलं. वेळेवर जेवण, त्यात भात, पुरेशी झोप, रोज टेकडीवर चालणं. सहा महिन्यांत आठ किलो परत आले. हा काळ सर्वांत कठीण गेला. आकडा चढताना दिसतो तेव्हा सगळं शास्त्र विसरून हात पुन्हा काकडीच्या डब्याकडे जातो. माझाही गेला, अनेकदा. पण वहीच्या दुसऱ्या रकान्यात टेकडी चढल्यावर लागणारी धापही नोंदलेली होती. ती कमी होत होती. दोन रकाने एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर मूळ प्रश्नाच्या जवळचा रकाना कोणता, हे विचारायचं असतं. मी धापेच्या रकान्यावर विश्वास ठेवला. खणातला तो उपडा कागद सुलटा केला आणि त्याच्या शेजारी वर्षभरानं नवा ठेवला. साखर सीमारेषेच्या आत आली होती.

दुसऱ्या वर्षी मी वाहायला शिकले. बावधनच्या इमारतीला नऊ मजले आहेत. पहाटे पाच किलो तांदळाची पिशवी चुंबळीवर ठेवून मी जिना चढू लागले. दर दोन महिन्यांनी दोन किलो वाढवायचे. पहारेकरी पहिल्या दिवशी काळजीनं म्हणाला, "मॅडम, लिफ्ट चालू है." सहाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी दार उघडून मला थांबवलं.

"इंद्रायणी आहे का गं? काय भाव?"

"विकायचा नाही, काकू."

"मग वर कुठे नेतेस?"

"वर नेते आणि खाली आणते."

त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

कापणीच्या दिवसांत मी हिराकाकूच्या मागे चालायचे आणि तिची चाल वाचायचे. तिनं शिकवलेलं सगळं दोन वाक्यांत मावतं. "चढाला बोलू नगं. नदर दोन पावलं म्होरं ठेव, खळ्याकडं बघू नगं." पहिलं वाक्य मी तंतोतंत पाळते. दुसऱ्याशी माझा मतभेद आहे. चढाच्या पायथ्याशी मी एकदा मान वर करून खळं बघून घेते, तिथे पेंढ्याची पिवळी रास दिसते, कडेला आईची खुर्ची दिसते. मग नजर दोन पावलांवर आणते. ध्येय रोज बघितलं तर पाय अडखळतात, हे खरं. पण एकदाही बघितलं नाही तर आपण नुसते भारे वाहतो. काकूला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शिकलेल्या माणसाला एकदा जास्तीचं बगावं लागतं."

त्या वर्षी मी दुपारनंतर दोनदा थांबले. दीडच धरलं गेलं. आईनं फक्त विचारलं, "दोनदाच?" मी म्हटलं, "दोनदाच." रात्री पानात भात वाढताना तिचा हात सैल होता.

आणि यंदा?

यंदाच्या सोमवारचं वर्णन करताना मला अडचण येते, कारण सांगण्यासारखं फार थोडं घडलं. धुकं होतं. पहिला भारा थंड आणि जड होता, दंवानं. दहापर्यंत ऊन आलं, कुसं टोचू लागली, भारे हलके झाले. सातवा बांध आला आणि गेला. नवव्यावर मला तो वाळू ओतल्यासारखा आवाज आठवला आणि मी पावलं मोजत पुढे गेले. दुपारी दोनदा भात घेतला, वर पावट्याची आमटी. काकूनं तिसऱ्यांदा न विचारता वाढला. ऊन कललं. माझ्यापुढे हिराकाकू होती, मागे चार माणसं. माझ्या मागे कुणीही थांबलं नाही. किती फेऱ्या झाल्या, हे मी मोजलं नाही. मोजण्याचं व्यसन असलेल्या माझ्यासारखीच्या आयुष्यात ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

तिन्हीसांजेला तात्या बिडी विझवून उद्याची माणसं सांगू लागले. "उद्या हिराकडं. तुमच्या घरची दोन." आणि ते पुढच्या घराकडे वळले.

ना टाळी, ना शाबासकी. या क्षणाची मी तीन वर्षं कल्पना केली होती आणि कल्पनेत काहीतरी वाजत असे. प्रत्यक्षात तो आकडा भाकरी वाढावी तितक्या सहज बोलला गेला. त्या सहजपणाचा मला इतका अभिमान वाटला, की मी तोंड फिरवून पेंढा झटकत राहिले. परीक्षांचे निकाल मी पाहिले आहेत. पूर्ण धरलं जाणं, आणि त्याबद्दल कुणालाच आश्चर्य न वाटणं, याच्या जवळ त्यातला एकही येत नाही.

शेवटच्या दिवशी काट्यावर मी आपणहून चढले. शहात्तर.

"आता गं! सहा किलो वाढलीस की तवापेक्षा!" हिराकाकू म्हणाली.

"बारदान धरून, काकू," मी म्हटलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

लोक पांगले. मी आईची खुर्ची उचलायला गेले, तर ती उठेना. "बस जरा," म्हणाली. तिच्या मांडीवर तिची जुनी चुंबळ होती, लुगड्याच्या काठांची, घामानं काळी पडलेली. मला वाटलं, आता ती मला देणार. तिनं ती स्वतःच्या कमरेला खोचली.

"जागा घेतलीस माजी. ब्येस केलंस. पर आता मी कुटं जाऊ? जलमभर हितं खुर्चीत बसू?"

"डॉक्टरांनी तुला चालायला केव्हाच सांगितलंय, आई."

"त्ये म्हायती हाय मला. भ्या वाटतं, त्ये तुला म्हायती हाय का?" तिनं एवढी वर्षं हे सांगितलं नव्हतं आणि मी, सगळं नोंदणारी, विचारलं नव्हतं. "तुज्या त्या वहीत मला बी घाल. खालच्या खाचरापातूर जायाचं आन् हितं परत यायचं. डोक्यावर एकच पेंढी. भारा नगं, पेंढी."

वही पिशवीत होती. मी पेन उघडलं. सवयीनं विचारलं, "मुदत?"

"तीन वर्सं. तुला लागली तेवढीच. तू काय माज्यापक्षी जड हुतीस व्हय?" तिनं काठी जवळ ओढली. "हुतीस म्हना."

मी लिहून घेतलं. पहिलं वर्ष, पहिला बांध. मी वही मिटेपर्यंत ती काठी टेकवून उठली होती. मान वर करण्याऐवजी तिनं ती खाली वळवली, बारा बांधांखालच्या रिकाम्या खाचराकडे एकदा नीट बघितलं, आणि मग नजर दोन पावलांवर आणून पहिल्या बांधावर पाय ठेवला. बांध हातभर रुंदीचा. मी तिच्यामागे चालू लागले. एक पाऊल, थांबणं, काठी. पुन्हा एक पाऊल. खाली धरणाच्या पाण्यावर शेवटचा उजेड होता आणि कापलेल्या भाताच्या धसकटांतून दाण्यांचा वास येत होता.

मध्येच ती मान न वळवता म्हणाली, "वाट आडली का गं तुजी?"

"नाही, आई," मी म्हटलं. "तू चाल."